ओल कोणाच्या नावावर?

पुण्या-मुंबईचा माणूस दसऱ्याच्या सुमारास छत्री वाळवून माळ्यावर टाकतो. तंजावरात त्याच सुमाराला ती माळ्यावरून खाली काढतात. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यांचा ईशान्येकडून. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्यांचा खरा पावसाळा. त्यामुळे जुलैत कोथरूडच्या घरातली बुरशी पुसून जो नोव्हेंबरात तंजावरला मुक्काम टाकतो, त्याला एका वर्षात दोन पावसाळे मिळतात. सरकारी नोकरीत दोन गावांचा भत्ता घेता येत नाही. निसर्गाला हा नियम लागू नाही.

मी तिकडे गेलो होतो मोडी कागदांच्या नादाने. तंजावरच्या भोसल्यांचा कारभार मराठीत चाले, आणि त्यांच्या राजवाड्याच्या आवारातच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. राहायला वाड्यामागच्या गल्लीत एका जुन्या घराची मागची खोली मिळाली. मालक तंजावरी मराठी, व्यंकोजीराजांच्या मागोमाग तिकडे गेलेल्या घराण्यांपैकी. त्यांच्या मराठीतले शब्द आपल्या आजोबांच्या आजोबांना कळतील असे आणि हेल पक्का तमिळ. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही अण्णाच म्हणू लागलो. भाडं ठरवताना त्यांनी खोलीचं वर्णन एका शब्दात केलं: थंड. तंजावरच्या उन्हातून आलेला माणूस हा शब्द ऐकल्यावर पुढचं काही विचारत नाही.

खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर नवनीत कृष्णाचं मोठं तंजावरी चित्र होतं. सोन्याचा वर्ख, रंगीत खडे, फुगलेले गाल, हातात लोण्याचा गोळा. देव सहसा माणसाच्या डोक्यावर टांगतात. हा गुडघ्याच्या उंचीवर होता. पहिला मोठा पाऊस झाला आणि त्याचं कारण चौकटीखालून बाहेर आलं. आधी एक तपकिरी डाग उतरला. मग त्याच्या कडेने काळे ठिपके उमटले, एकेक सुटा, मोजता येईल असा. चार दिवसांत ते एकमेकांना भेटले आणि त्यांना लव आली. बोट फिरवलं तर बोटाला काजळी लागे आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेचा कुबट वास येई. चित्र उचलून पाहिलं. मागची लाकडी फळी, तिच्यावरचं कापड आणि मधली खळ या तिन्ही गोष्टी बुरशीच्या आवडीच्या, त्यामुळे पाठीमागे हिरवंगार पीक डोलत होतं. भिंतीला कान असतात, एवढं लहानपणापासून ऐकत आलो होतो. या भिंतीला मिसरूड फुटलं होतं.

गवंडी बोलावला. त्याने हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकली. वरच्या बाजूला टणटण, कमरेखाली बद्द. मग त्याने जे सांगितलं त्यात कुठल्याही वास्तुविशारदाला भर घालता आली नसती. घर जुनं, विटांचं. मूळ गिलावा चुन्याचा. त्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ घालून तो मुरवत. चुन्याची भिंत पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडून देते. कुणाच्या तरी लग्नात घर 'पक्कं' करायचं ठरलं, तेव्हा चुना खरवडून सिमेंट थापलं आणि वर धुता येणारा प्लॅस्टिक रंग दिला. रंग धुता येतो याचा अर्थ पाणी आत जात नाही, आणि त्याचाच दुसरा अर्थ आतलं पाणी बाहेर येत नाही. तंजावर आहे कावेरीच्या खोऱ्यात. जमिनीखालून ओल चढते, गच्चीवरून उतरते, आणि दोघींची गाठ माझ्या उशाशी पडते. गच्चीच्या कठड्यात पिंपळाचं एक रोप होतं. गवंड्याने त्याला नमस्कार केला आणि ते उपटायला नकार दिला.

अण्णांकडे तक्रार नेली. तंजावरच्या बाजारात डोलणाऱ्या बाहुल्या मिळतात. टिचकी मारली की मान, कंबर, हात सगळं डोलतं, बूड मात्र जागचं हलत नाही. अण्णांनी माझी तक्रार अगदी तशी ऐकली. ऐकून झाल्यावर त्यांनी तमिळमध्ये 'पार्क्कलाम' म्हणजे 'बघू या' असं म्हटलं. तमिळ देशात हा शब्द ऐकल्यावर माणसाने आपली खुर्ची उचलून घरी जावं.

मी गेलो नाही, तेव्हा उलटतपासणी सुरू झाली. आंघोळ गरम पाण्याने करता का? ओला पंचा खोलीत वाळवता का? खिडकी उघडी ठेवता का? तिन्ही उत्तरं मला बाधक होती. पंचा बाहेर वाळत घालावा तर बाहेर पाऊस. खिडकी उघडली तर डास, मिटली तर बुरशी. एकूण निष्कर्ष असा निघाला की घर मुळात कोरडं आहे. त्यात ओलं काही असेल तर तो भाडेकरू.

दिवसा मी सरस्वती महालात बसत असे आणि तिथे मला पोथ्यांचा हेवा वाटू लागला. ताडपत्रांना गवती चहाचं तेल लावतात, त्यामुळे पानं मऊ राहतात आणि किडे फिरकत नाहीत. अक्षर पुसट झालं तर काजळी फिरवून ते पुन्हा उठवतात. पोथ्यांच्या कपाटांत वेखंड, काळं जिरं, लवंग, मिरी, दालचिनी यांची पूड कापराबरोबर पुरचुंडीत बांधून ठेवायची इथली जुनी रीत आहे. या ग्रंथालयात मराठी हस्तलिखितंच तीन हजारांवर आहेत. संस्कृत आणि तमिळ वेगळी. त्यातल्या कुठल्याही पोथीला 'तू खिडकी का उघडली नाहीस' असं कोणी विचारल्याचं मी पाहिलं नाही. दमट हवेत पोथी खराब झाली तर दोष हवेचा. माणूस खराब झाला तर दोष माणसाचा. मी पोथी असतो तर मला तेल लावलं असतं, पुरचुंडी दिली असती आणि पुसट झालो असतो तर काजळी फिरवून पुन्हा वाचण्याजोगा केलं असतं.

खराब हवेच्या खोलीची तक्रार या आवारात नवी नाही, हे तिथेच बसून आठवलं. ज्यांच्या नावाने हे ग्रंथालय आज ओळखलं जातं ते सरफोजीराजे (दुसरे) लहानपण याच राजवाड्यात अंधाऱ्या, कोंदट खोलीत काढलेलं पोर. तुळजाराजांनी त्यांना १७८७ साली दत्तक घेतलं आणि लवकरच तुळजाराजे वारले. गादीवर त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह बसले, आणि दत्तक मुलाला उजेड-वारा लागणार नाही अशी सोय झाली. मुलाचे पालक म्हणून ज्यांच्यावर भिस्त होती ते जर्मन पाद्री श्वार्ट्झ. त्यांनी मद्रासच्या इंग्रजांकडे गाऱ्हाणं नेलं, लावून धरलं, आणि १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवलं. १७९८ साली कंपनीने सरफोजींना गादीवर बसवलं. कोंदट खोलीबद्दल सिंहासन मिळालं असं वाटून मला क्षणभर फार उत्साह आला. पण निकाल नीट वाचावा. गादीचा निर्णय झाला तो दत्तकविधान शास्त्राला धरून होतं की नव्हतं यावर. खोलीतल्या हवेचा त्यात संबंध नव्हता. शिवाय १७९९ च्या ऑक्टोबरात तह करून कंपनीने राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला आणि राजांकडे किल्ला, वाडा आणि नेमणूक एवढंच ठेवलं. डिपॉझिट परत करताना रंगाचे, सफाईचे, मोडक्या नळाचे पैसे कापून घ्यायची पद्धत बरीच जुनी आहे तर.

त्या मुलाने पुढे जे केलं ते मात्र मनोज्ञ आहे. राजे झाल्यावर त्यांनी धन्वंतरी महाल काढला आणि डोळ्यांच्या रोग्यांचे कागद ठेवले: रोग्याची हकीकत, उपचार, आणि शेजारी त्या दुखऱ्या डोळ्याचं रंगीत चित्र. ते कागद ग्रंथालयात आजही आहेत. अंधारात वाढलेल्या माणसाला डोळ्यांचं एवढं पडावं, यावर मी काही भाष्य करत नाही; मला तेव्हा स्वतःच्या खोकल्याची पडली होती. गावातल्या डॉक्टरांनी माझा जो कागद केला त्यावर दोन ओळी होत्या, त्यातली एक त्यांच्या वेळेची. दुसरीत 'ॲलर्जी' असं लिहून पुढे धूळ, ओल आणि थंड पेयं टाळायला सांगितलं होतं. सरफोजींच्या दप्तरात माझी नोंद यापेक्षा बरी झाली असती. निदान भिंतीचं चित्र तरी आलं असतं.

तो कागद आणि नुकसानीची यादी घेऊन वकिलांकडे गेलो. यादीत होतं: चामड्याचा पट्टा (हिरवा झालेला), कोल्हापुरी चप्पल (तीही), कॅमेऱ्याची लेन्स (आत जाळं), एक उशी, दोन पुस्तकं आणि छाती. वकिलांनी यादी वाचून पट्टा आणि चप्पल आधी काढून टाकले. दोन्ही कातडी, दोन्ही महाराष्ट्रातून आलेली. बुरशी यजमानाने दिली की पाहुण्याने आणली हे कसं सिद्ध करणार? छातीचं त्याहून अवघड. भिंतीवर बुरशी आहे, मान्य. तुम्हाला खोकला आहे, तोही ऐकू येतो. पण याच बुरशीने हाच खोकला झाला हे दाखवा. आधी असा खोकला कधी झाला होता का? राहता त्या शहरात धूर आहे का? आणि बुरशीची जात कोणती? मी म्हटलं, काळी. ते म्हणाले, ती जात नव्हे, रंग. दाखला लागेल, प्रयोगशाळेचा. एका भिंतीच्या जातपडताळणीत मी अडकेन अशी कल्पना नव्हती.

दाखला आणला तरी तो कशाशी ताडून पाहायचा हा प्रश्न उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओल-बुरशीवर मार्गदर्शक पुस्तक काढलं. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दमा यांचा त्रास अधिक होतो, हे त्यात स्वच्छ सांगितलंय. मात्र हवेत अमुक इतकी बुरशी चालेल आणि त्यापुढे नाही, असा आकडा दिलेला नाही. तसा आकडा काढण्याजोगा पुरावा नाही म्हणतात. सल्ला एवढाच की ओल घालवा. हेच गवंड्याने हातोडीच्या दांड्याने सांगितलं होतं.

कायदा तसा भाडेकरूच्या बाजूने बराच आहे. तमिळनाडूचा भाडेकायदा २०१७ चा, अंमल २०१९ पासून. इमारतीची मोठी दुरुस्ती आणि भिंतींची सफेदी मालकाकडे; नळाचे वॉशर आणि मोऱ्यांची सफाई भाडेकरूकडे. मालकाने दुरुस्ती टाळली तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र एका महिन्यात निम्म्या भाड्याहून अधिक कापू नये. हे ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो. तेव्हा वकिलांनी विचारलं, करार लेखी आहे ना? भाडे प्राधिकरणाकडे नोंदवलाय ना? आमचा करार अण्णांच्या ओटीवर कॉफी पिता पिता झाला होता. वकील म्हणाले, मग कायद्याच्या लेखी तुम्ही त्या खोलीत राहतच नाही. मी विचारलं, मग खोकतंय कोण?

इकडे महाराष्ट्रात प्रकरण याहून सरळ आहे असं कोणी समजू नये. नवा फ्लॅट असेल तर रेराखाली ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून आमच्या ओळखीतल्या बहुतेक भिंती सहाव्या वर्षी पाझरतात. त्यानंतर प्रश्न सोसायटीत जातो. बाहेरून झिरपलं तर सोसायटीचं, वरच्याच्या मोरीतून झिरपलं तर वरच्याचं. आणि पाणी कुठून आलं हे पाण्याला विचारता येत नसल्याने सर्वसाधारण सभा रात्री अकरापर्यंत चालते. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आपण महिनाभर आंघोळच केली नसल्याचं शपथेवर सांगायला तयार असतात.

अमेरिकेत या बाबतीत फार पैसा मिळतो असं आपण ऐकून असतो. ते ज्या खटल्यामुळे ऐकतो तो टेक्सासचा. ड्रिपिंग स्प्रिंग्स नावाच्या गावात मेलिंडा बॅलार्ड बाईंचा मोठा बंगला होता. ड्रिपिंग स्प्रिंग्स म्हणजे ठिबकणारे झरे. अशा गावात घर बांधताना माणसाने थोडा विचार करावा. पाणी ठिबकलं, स्टॅकिबॉट्रिस नावाची काळी बुरशी पसरली, घर सोडावं लागलं. विमा कंपनीवर दावा झाला आणि २००१ मध्ये ज्यूरीने ३.२ कोटी डॉलर देवविले. पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने ते ४० लाखांवर आणले. पण मला त्यात खरी गंमत वाटते ती वेगळीच. घरातल्या माणसांच्या दुखण्याचा बुरशीशी संबंध दाखवणारी तज्ज्ञांची साक्ष न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे येऊच दिली नव्हती. पैसे मिळाले ते विमा कंपनी दाव्याच्या वेळी कशी वागली याबद्दल, आणि घराबद्दल. म्हणजे इतक्या डॉलरांत खोकल्याचा एकही डॉलर नाही.

खोकल्याची दखल घेतलेला एक निकाल मला माहीत आहे, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेलला अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल डिसेंबर २०२० मध्ये गेलं. घर गृहसंस्थेचं, भिंती काळ्या, बापाच्या तक्रारी कित्येक वर्षांच्या. त्यांना मिळालेली उत्तरं अण्णांच्या उत्तरांहून फार निराळी नव्हती: तुमची राहणी, तुमच्या आंघोळी, तुमचा स्वयंपाक. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने घरातल्या बुरशीमुळेच मृत्यू झाल्याचा निष्कर्ष दिला. त्या मुलाच्या नावाने कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना अशी तक्रार ठराविक मुदतीत तपासून निवारावी लागते. त्यांच्याकडे 'पार्क्कलाम'ला आता तारीख पडते.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर आमच्या वाड्याचं तिथलं प्रकरणही सांगायला हवं. सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली निपुत्रिक वारले. राज्य खालसा झालं. राज्य असं नव्हतंच, तरी झालं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात कंपनीचे कमिशनर फोर्ब्स शिपाई घेऊन वाड्यात शिरले आणि राजांची खाजगी मालमत्ताही मोहरबंद केली. जडजवाहीर, भांडीकुंडी, सगळं. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. कंपनीने लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केलं. १८५९ मध्ये लॉर्ड किंग्सडाउन यांनी निकाल दिला, त्याचा मथितार्थ असा: हे राजसत्तेचं कृत्य आहे, ते न्यायाचं होतं की अन्यायाचं, शहाणपणाचं होतं की मूर्खपणाचं, यावर कोर्टाने मत देण्याचं कारण नाही. दावा बाद. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल अजून शिकवतात. पुढे १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता राण्यांना परत केली, पण हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. मला यात अण्णांचा पूर्वज दिसतो, आणि तो मराठा नसून इंग्रज आहे. भिंत दुरुस्त करून देतो, पण ती खराब होती असं लिहून मात्र देणार नाही.

डिसेंबर सरता सरता पाऊस थांबला, भिंत वरवर सुकली आणि अण्णांनी मेहेरबानी केली. रंगारी आला. त्याने मिसरूड भादरलं, पुट्टी भरली आणि पिवळ्या भिंतीवर पिस्ता रंगाचे दोन हात मारले. त्याच प्लॅस्टिक रंगाचे. कृष्ण परत गुडघ्याच्या उंचीवर गेला. अण्णा स्वतः वेखंड-लवंगेची पुरचुंडी घेऊन आले आणि माझ्या उशाशी ठेवून म्हणाले, ग्रंथालयात हीच वापरतात. मी खरोखर भारावलो. मग ते म्हणाले, पोंगलपासून भाड्यात पाचशे वाढ.

मी वकिलांकडून मिळालेलं ज्ञान वापरलं. सुधारणा केली तर भाडं वाढवता येतं, तेही आधी लेखी ठरलं असेल तर. दुरुस्ती केली म्हणून नाही, आणि रंग ही दुरुस्ती आहे. अण्णांनी शांतपणे ऐकलं. पिवळ्याला पुन्हा पिवळा दिला असता तर दुरुस्ती, म्हणाले. पिवळ्याचा पिस्ता केला. ही सुधारणा. आणि लेखी हवं असेल तर लेखी करू.

दुसऱ्या दिवशी ते स्टॅम्प पेपर घेऊन आले. अकरा महिने, वाढीव भाडं, आणि तिसरं कलम असं की भाडेकरूने खोली पाहून, पूर्ण कोरडी असल्याची खात्री करून ताब्यात घेतली आहे. दोन महिने त्यांच्या देव्हाऱ्यामागच्या कपाटात पडून होता तो कागद. मी सही केली आणि शाई जिथे टेकली तिथून चहूकडे पसरली. आडनाव तिसऱ्या कलमात शिरलं. अण्णांनी कागद उजेडात धरून पाहिला. पेन पुण्याचं दिसतंय, म्हणाले.